भाचरांना रातोरात बालमंदिरात (सरकारी बालगृहात) नेलंय, गुरुवारी समितीपुढं तारीख आहे. काय तयारी करू?

काजूवाली_चंदगड

नमस्कार. मी चंदगड तालुक्यातली, काजूच्या कारखान्यात कामाला जाते. माझी धाकटी बहीण खानापूर तालुक्यात दिलीय. (गावाचं नाव लिहिलं होतं, खालच्या वकीलसाहेबांनी सांगितल्यावर काढलं.) तिचा नवरा पितो, हे आम्हाला ठाऊक होतं. पण शनिवारी रात्री त्यानं तिला एवढं मारलं की हात मोडला आणि डोक्याला टाके पडले. शेजाऱ्यांनी ११२ ला फोन लावला. पोलीस आले, बहिणीला आधी खानापूरला आणि तिथनं बेळगावच्या सिव्हिलला हलवलं, नवऱ्याला धरून नेलं. घरात मागं दोन पोरं राहिली. मुलगी अकरा वर्षांची, मुलगा सात. त्यांनाही रात्रीच गाडीत घालून नेलं.

रविवारी त्यांना मुलांच्या समितीतल्या एका मॅडमसमोर उभं केलं, आणि आता मुलगी मुलींच्या बालमंदिरात, मुलगा मुलांच्या बालमंदिरात. हा मुलगा अजून बहिणीच्या कुशीत झोपतो. आई मारामारीत अडकली की त्याची दीदीच त्याला घेऊन परड्यात जायची. त्या दोघांना वेगळं केलंय, हे ऐकल्यापासून माझ्या घशाखाली घास उतरंना झालाय.

मला सोमवारी कळलं. सिव्हिलला जाऊन बहिणीला भेटून आले. तिची सही एका कन्नड कागदावर घेतलीय, त्यात काय लिहिलंय तिला माहीत नाही. तिला नीट बोलताही येत नव्हतं. गुरुवारी समितीपुढं तारीख आहे एवढंच सांगितलंय.

मला पोरं माझ्याकडं न्यायची आहेत, बहीण बरी होईपर्यंत. माझे मालक, म्हणजे नवरा, तयार आहेत. पण तिथं कसं बोलायचं, वकील लागतो काय, कन्नड येत नसेल तर काय करायचं, काहीच माहीत नाही. त्यात सासूबाई म्हणतात, सरकारनं उचललेली पोरं परत मिळत नाहीत, दत्तक देऊन टाकतात. हे खरं आहे काय? कुणी या प्रसंगातून गेलं असेल तर कृपा करून सांगा.

कोर्टगल्ली_बेळगाव

ताई, सगळ्यात आधी पोस्टमधलं गावाचं नाव काढा. मुलांचं नाव, शाळा, फोटो, काहीच टाकू नका. बाल न्याय कायदा २०१५, कलम ७४. अशा मुलांची ओळख उघड करणं गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. गावात उद्या कुणी हे वाचून पोरांना चिडवलं तर ते कायद्यापेक्षाही वाईट.

आता दत्तकाचं. सासूबाईंना सांगा, असं होत नाही. आई जिवंत आहे, तिला मुलं हवी आहेत, मावशी दारात उभी आहे. अशा मुलांना समिती दत्तकासाठी मोकळं ठरवू शकत नाही. त्यासाठी मूल अनाथ किंवा टाकून दिलेलं असावं लागतं, नाहीतर आईबापांनी स्वतः समितीपुढं लिहून द्यावं लागतं, आणि लिहून दिलं तरी फेरविचाराला साठ दिवस असतात. म्हणूनच त्या कन्नड कागदात काय आहे ते बघायला हवं. बहुधा तो पोलिसांनी घेतलेला जबाब असेल. तरी प्रत मागा.

बाकी तयारीचं खानापूरच्या बाई सांगतील, त्या इथं असतात. मी संध्याकाळी परत येतो.

सेविकाबाई_खानापूर

बाळ, मी अंगणवाडीत सेविका होते, आता निवृत्त आहे. मोफत कायदा सेवेच्या कामात लोकांना समितीपर्यंत नेण्या-आणण्याचं करते. अशी बरीच घरं बघितलीत. तू पहिल्याच तारखेला जाणार आहेस हे फार चांगलं केलंस. आपल्याकडची माणसं पोलीस, कोर्ट म्हटलं की मागं सरतात, 'पुढच्या तारखेला जाऊ' म्हणतात, आणि तोवर कागदावर लिहिलं जातं की कुणी नातेवाईक आले नाहीत.

पहिलं हे समजून घे की तू जिथं जाणार आहेस ते नेहमीचं कोर्ट नाही. मक्कळ कल्याण समिती म्हणतात, आपली बालकल्याण समिती. एक अध्यक्ष, चार सदस्य, त्यात किमान एक बाई. त्यांना पहिल्या वर्गाच्या मॅजिस्ट्रेटचे अधिकार असतात, पण पिंजरा नाही, काळे कोट नाहीत. टेबलाभोवती बसून बोलतात. मुलांसमोर पोलिसांनीही साध्या कपड्यात यायचं असा नियम आहे. पोरांना नेल्यापासून प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत समितीपुढं न्यावं लागतं. सुट्टी असली, समिती बसलेली नसली, तर एका सदस्यासमोर नेलं तरी चालतं. रविवारी झालं ते हेच. तो कायमचा निकाल नव्हे. पोरांना तेवढ्यापुरतं सुरक्षित ठेवण्याचा तो हुकूम होता.

गुरुवारी काय विचारतील ते सांगते. तुझा मेव्हणा किती वाईट आहे हे सांगण्यात वेळ घालवू नकोस. ते पोलिसांच्या कागदात आहे, त्याची केस वेगळ्या कोर्टात चालेल. समितीला एकच गोष्ट ठरवायची असते. उद्यापासून ही दोन पोरं कुठं झोपतील, त्यांना कोण जेवायला घालेल, शाळेतून आली की घरात कोण असेल, आणि बाप जामिनावर सुटून दारात आला तर दार कोण लावेल. एका केसमध्ये मी बघितलं, वडिलांकडचे पंधरा-वीस लोक जीप भरून आले, पंच आले, सगळे 'आमची पोरं, आमच्या घराण्याचं नाव' म्हणून बोलत होते. सदस्य मॅडमनी शांतपणे विचारलं, मुलगी चार वाजता शाळेतून येते, तेव्हा घरात कोण असतं? कुणालाच सांगता आलं नाही. त्या दिवशी पोरगी परत गेली नाही. तू मात्र याचं उत्तर पाठ करून जा. नव्हे, पाठ नको. खरंच घरी बसून ठरवून जा. तू कारखान्यातून किती वाजता सुटतेस? तोवर पोरांकडं कोण बघणार? सासूबाई असतील तर त्यांचं वय, तब्येत. घरात पुरुष माणसं किती, कोण कुठं झोपतं, अकरा वर्षांची मुलगी कुठं झोपणार. हा प्रश्न तुझ्या मालकांचा अपमान म्हणून विचारत नाहीत. प्रत्येकाला विचारतात, विचारलाच पाहिजे. मालकांना सोबत घेऊन जा, आणि त्यांना आधीच सांगून ठेव म्हणजे तिथं राग येणार नाही.

कागद. तुझं आणि मालकांचं आधार, रेशन कार्ड, घराचा कर भरल्याची पावती. पोरांचे जन्माचे दाखले आणि शाळेतला दाखला. ते बहिणीच्या घरात अडकले असतील तर शाळेच्या हेडमास्तरांकडून बोनाफाईड लिहून घे. गावच्या अंगणवाडीताईकडं त्यांच्या तायी कार्डाची (आई-बाळाच्या सरकारी कार्डाची) नोंद सापडेल. आणि एक जे कुणालाच सुचत नाही. तुम्ही दोघी बहिणी आहात हे सिद्ध कसं करणार? लग्नानंतर दोघींची आडनावं वेगळी. दोघींचे शाळा सोडल्याचे दाखले घे, त्यात वडिलांचं नाव एकच असेल. माहेरच्या जुन्या रेशन कार्डावर दोघींची नावं असतील तर फारच उत्तम.

सिव्हिलमध्ये जाऊन बहिणीकडून मराठीत साधा अर्ज लिहून घे. 'मी दवाखान्यात आहे. बरी होईपर्यंत माझ्या दोन्ही मुलांना माझ्या थोरल्या बहिणीकडं ठेवावं अशी विनंती. मुलं मला परत हवी आहेत.' शेवटचं वाक्य सोडू नकोस. खाली सही, तारीख, आणि जमलं तर वॉर्डातल्या डॉक्टरांकडून ती ॲडमिट असल्याचा कागद.

शेवटी पोरांचं. समिती त्यांच्याशी वेगळं बोलते, तुझ्यासमोर नाही. त्यांना शिकवू नकोस. भेट झाली की कुशीत घे, जेवलास का विचार, पण 'मॅडमना असं सांग, तसं सांग' अजिबात नको. अकरा वर्षांची मुलगी सगळं बघून बसलीय. तिला तिच्या शब्दांत बोलू दे. शिकवलेलं बोललं की त्यांना लगेच कळतं आणि मग तुझ्यावरचा विश्वास जातो. त्याहून मोठी गोष्ट, त्या पोरीवर आधीच फार ओझं आहे.

भट्टीवरचा_निपाणी

बाईंनी लिहिलंय ते शंभर टक्के खरं. माझ्या भावाची दोन मुलं वीटभट्टीवरून नेली होती. भट्टीवरच झोपडी, तेच त्यांचं घर. भाऊ आणि वहिनी कुणाच्या तरी सांगण्यावरून घाबरून गावाकडं निघून गेले, आपल्याला अटक होईल म्हणून. पहिल्या तारखेला कुणीच नव्हतं. दुसऱ्या तारखेला मी गेलो तर माझ्याकडं ना आधार, ना भावाचं पत्र. मुलं तिथं किती लांबली ते लिहवत नाही. धाकटा परत आला तेव्हा माझ्या वहिनीला 'मॅडम' म्हणाला.

अटकेची भीती बाळगून कुणी घरी बसू नका, एवढंच सांगायचं होतं. समिती आईबापांना तुरुंगात घालायला बसलेली नसते. ताई, गुरुवारी सकाळी लवकर जा. नाव पुकारलं आणि तुम्ही चहाला गेला असाल तर पुन्हा बसावं लागतं.

काजूवाली_चंदगड

बाई, तुमचे उपकार कसे फेडू. दाखले शोधायला भावाला माहेरी पाठवलंय. मी दुपारी चारला सुटते, सासूबाई घरात असतात, त्या धडधाकट आहेत. मुलगी माझ्या मुलीजवळ झोपेल.

पण एक अडचण. माझं सगळं महाराष्ट्राचं. आधार चंदगडचं, रेशन चंदगडचं. पोरं कर्नाटकातली. कारखान्यातल्या एकजणी म्हणाल्या की राज्याबाहेर पोरं देत नाहीत. खरं सांगायचं तर आम्हाला ही हद्द कधी जाणवलीच नाही. दवाखाना बेळगावला, लग्नाचा बस्ता बेळगावला, कोल्हापूर आम्हाला केवढं लांब. आता पोरांसाठी ती आडवी येणार काय? आणि कन्नडचं काय करू?

कोर्टगल्ली_बेळगाव

ताई, राज्याबाहेर देतच नाहीत असं नाही. थोडी जास्त प्रक्रिया आहे.

समितीला दोन टप्प्यांत निर्णय घ्यायचा असतो. चौकशी चालू असताना मुलं कुठं ठेवायची हा पहिला, आणि शेवटचा आदेश हा दुसरा. सामाजिक तपास अहवाल १५ दिवसांत पूर्ण व्हावा आणि मूल पहिल्यांदा हजर केल्यापासून चार महिन्यांच्या आत अंतिम आदेश व्हावा, असं कलम ३६ सांगतं. अंतिम आदेशाला किमान तीन सदस्य हजर लागतात. चौकशी चालू असतानाही मुलं बालमंदिरातच राहिली पाहिजेत असं नाही. 'योग्य व्यक्ती' म्हणून मान्यता देऊन नातेवाइकाकडं ठेवता येतात. तुम्ही अर्जात नेमकं तेच मागा.

तुमचं घर चंदगडला, म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यात. बेळगावची समिती स्वतः तिथं येऊन घर बघणार नाही. ती कोल्हापूरच्या समितीला किंवा तिथल्या जिल्हा बाल संरक्षण कक्षाला लिहील, ते येऊन तुमचं घर बघतील, अहवाल पाठवतील. ही पत्रं टपालात रेंगाळतात. म्हणून गुरुवारीच हात जोडून विनंती करा की पत्र ईमेलनं जावं, आणि त्याचा जावक क्रमांक तुम्हाला द्यावा. दुसऱ्या दिवशी तो क्रमांक घेऊन कोल्हापूरला फोन करा किंवा कुणाला पाठवा. पत्राच्या मागं माणूस असला की पत्र हलतं.

वकील लागतोच असं नाही. हवा असेल तर पैसे देऊ नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ प्रमाणे बाई आणि मूल यांना उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. नंबर १५१००. बेळगावचं कार्यालय कोर्ट आवारातच, चन्नम्मा सर्कलपाशी.

तुमच्या बहिणीसाठी वेगळा मार्गही उघडा आहे. कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५. त्यात संरक्षण आदेश मागता येतो, राहत्या घरातून बाहेर काढू नये असा आदेश मागता येतो, आणि मुलांचा तात्पुरता ताबाही. कर्नाटकात संरक्षण अधिकारी म्हणून सीडीपीओ काम बघतात, म्हणजे अंगणवाड्या ज्यांच्या हाताखाली असतात तेच. बहीण दवाखान्यातून सुटायच्या आधी हा अर्ज तयार ठेवा. नवरा जामिनावर आला की पहिल्यांदा 'मिटवून टाकू' म्हणणारे लोक येतील.

आणि समितीचा आदेश तुमच्या विरुद्ध गेला तरी संपलं असं समजू नका. ३० दिवसांत बाल न्यायालयात अपील करता येतं. त्यासाठी आदेशाची प्रत हवी. प्रत न घेता तिथून उठू नका.

सेविकाबाई_खानापूर

कन्नडचं मी सांगते, कारण हे मी खूप जवळून बघितलंय.

समितीचं काम कन्नडमध्ये चालतं, कागद कन्नडमध्ये. सदस्यांना बहुतेक वेळा मराठी समजतं, बेळगावात राहणाऱ्या माणसाला समजणारच. पण समजणं वेगळं आणि कागदावर काय उतरतं ते वेगळं. एका आजीनं सांगितलं होतं, 'माझ्यानं होईल तेवढं बघीन.' लिहिलं गेलं, आजीला सांभाळणं जमणार नाही. तिनं अंगठा दिला. लिहिणाऱ्यानं मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही, पण त्या एका ओळीमुळं नातू केवढा काळ आत राहिला. म्हणून पहिल्या मिनिटाला उभी राहून नम्रपणे सांग, 'मॅडम, मला कन्नड वाचता येत नाही. दुभाषी द्या, नाहीतर लिहिलेलं मराठीत वाचून दाखवा, मग सही करते.' हे सांगायला लाजू नकोस. पोरांसाठीही तेच माग. तो मुलगा सात वर्षांचा, मराठी शाळेत जाणारा. त्याला कन्नडमध्ये विचारलं तर तो मान हलवेल, आणि मान हलवणं म्हणजे 'हो' असं लिहिलं जाईल. सही करताना खाली मराठीत लिही, 'मला मराठीत वाचून दाखवलं'. वाचून दाखवलं नसेल तर ते लिहू नकोस, आणि सहीही करू नकोस.

सोबत कन्नड वाचता येणारं विश्वासाचं कुणी असेल तर ने. खानापूरचं कुणी नसेल तर मला निरोप कर, मी येते. माझं आधार कर्नाटकाचं आहे, शक्ती योजनेत बसभाडं लागत नाही. तुला तिकीट काढावं लागेल, तुझं आधार पलीकडचं. तुझ्या बहिणीला मात्र पुढच्या प्रत्येक तारखेला आपल्या साध्या लाल बसमध्ये फुकट येता येईल, तिला सांगून ठेव. तारखांना पैसे नाहीत म्हणून बायका यायच्या थांबतात.

आणि भावंडं वेगळी ठेवलीत त्याबद्दल. मुलांचं बालमंदिर वेगळं, मुलींचं वेगळं, अशी व्यवस्थाच आहे. ते कुणी तुमच्यावर राग म्हणून केलेलं नाही. पण तू अर्जात वेगळी ओळ घाल. अंतिम निर्णय होईपर्यंत दोघांची भेट घडवावी, आणि रोज नाही तरी फोनवर बोलू द्यावं. मागितलं तर देतात. कुणी मागतच नाही. मला या सगळ्या कामात सगळ्यात जास्त त्रास याचाच होतो. बापाच्या हातून वाचलेलं पोर आपल्या बहिणीपासून तुटतं, आणि ते कुठल्याच अहवालात येत नाही.

गडहिंग्लजकर

महाराष्ट्राच्या बाजूनं थोडं. मी गडहिंग्लजला शिक्षक आहे. मुलं तुमच्याकडं आली की शाळेचा प्रश्न येईल. टीसी नाही म्हणून कुठलीही शाळा प्रवेश अडवू शकत नाही, शिक्षण हक्क कायद्यानं ते स्पष्ट आहे. आधी शाळेत बसवा, टीसी मागाहून मागवता येते. दोघंही मराठी माध्यमातून शिकत असतील तर अवघड जाणार नाही. मुलीला तिकडं कन्नड विषय होता, इकडं नसेल, एवढाच फरक.

पैशाचं म्हणाल तर महाराष्ट्रात क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे. संकटात सापडलेल्या कुटुंबातलं मूल नातेवाइकाकडं राहत असेल तर महिन्याला २,२५० रुपये. केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये प्रायोजकत्वाचे ४,००० आहेत, त्याला ग्रामीण भागात वर्षाला ७२,००० उत्पन्नाची मर्यादा आहे. कुठल्यात बसता ते कोल्हापूरच्या बाल संरक्षण कक्षाचा माणूस घर बघायला येईल तेव्हाच विचारा. त्याच वेळी विचारलं तर दुसरी फेरी वाचते. मात्र समितीपुढं 'पैसे मिळाले तर सांभाळू' असा सूर लागू देऊ नका.

काजूवाली_चंदगड

गुरुवारची तारीख झाली. जमेल तसं लिहिते, हात अजून थरथरतोय.

बाई खानापूरहून आल्या होत्या. त्यांना मी ओळखतही नव्हते, बसस्टँडवर माझा हात धरून म्हणाल्या, 'आधी चहा घे.' आम्ही दहाच्या आत पोचलो. बहिणीची सासू आणि दीरही आले होते. दीर म्हणाला, आमची पोरं आम्ही नेतो. मी काहीच बोलले नाही, बाईंनी सांगितलं होतं म्हणून.

आत गेल्यावर मी आधी तेच वाक्य बोलले, कन्नड वाचता येत नाही. अध्यक्षबाई लगेच मराठीत बोलायला लागल्या. तिथल्याच एका बाईला लिहिलेलं सगळं मराठीत सांगायला लावलं. माझ्या घराबद्दल खूप विचारलं. संडास घरात आहे काय, मालक दारू पितात काय, माझी मुलगी किती वर्षांची. मालकांना राग आला नाही, त्यांनी सगळं सरळ सांगितलं. शाळा सोडल्याचे दोन्ही दाखले बघितले, वडिलांच्या नावावर बोट ठेवून मॅडमनी दुसऱ्या सदस्यांना दाखवलं. बहिणीचा अर्ज मोठ्यानं वाचला. दिराला विचारलं, शनिवारी रात्री तुम्ही कुठं होता? त्याचं घर शेजारीच आहे. तो म्हणाला, नवराबायकोत कोण पडणार. मग त्याला पुढं काही विचारलं नाही.

त्या कन्नड कागदाचीही प्रत मिळाली. बाईंनी वाचून दाखवला. वकीलसाहेब म्हणाले तसंच, पोलिसांचा जबाब होता. त्यात मुलांबद्दल वेडंवाकडं काही नाही.

मुलांशी वेगळ्या खोलीत बोलले. मुलगी अर्ध्या तासानं बाहेर आली, रडून डोळे सुजले होते, पण माझ्याकडं बघून म्हणाली, 'मावशी, मी सगळं सांगितलं.' मुलगा तिला बघून पळतच आला. त्या दोघांना कुणी वेगळं केलं नाही, दुपारपर्यंत एका बाकावर बसू दिलं. माझे डबे दोघांनी मिळून खाल्ले.

पोरं आज मिळाली नाहीत. कोल्हापूरला घर बघायचं पत्र ईमेलनं गेलं, जावक क्रमांक माझ्याकडं आहे. तोवर दर रविवारी भेटायची परवानगी लिहून दिली, आणि भावंडांची भेट आठवड्यातून एकदा घडवावी असंही आदेशात आहे. सासूला आणि दिराला सध्या परवानगी दिली नाही. बापानं समितीच्या परवानगीशिवाय भेटायचं नाही, असंही लिहिलंय. पुढची तारीख पंधरा दिवसांनी. आदेशाची प्रत घेतल्याशिवाय मी उठले नाही.

आता विचारायचं ते असं. कोल्हापूरचे लोक घर बघायला येतील तेव्हा काय बघतात? आमचं घर साधं आहे, दोन खोल्या, मागं न्हाणी. भीती वाटते की गरिबी बघून नाही म्हणतील.

सेविकाबाई_खानापूर

गरिबी बघून मूल नाकारायचं नसतं. कुटुंबात ठेवणं आधी, संस्थेत ठेवणं अगदी शेवटी, हे त्या कायद्याच्या तत्त्वांतच लिहिलंय. तुझ्या अर्जाला जोडायला मी ते कलम ३ चं पान झेरॉक्स करून ठेवलंय. दोन खोल्या पुष्कळ झाल्या.

येणारा माणूस मुलांची झोपायची जागा बघेल, न्हाणीला कडी आहे काय बघेल. कडी नसेल तर उद्याच बसव, मुलगी मोठी होतेय. तुझ्या मुलीशी बोलेल. तिला खरंच विचारून ठेव की दोन भावंडं घरात आली तर तुला चालेल काय, कारण तिचंही घर आहे ते. शेजारी एक-दोन घरांत चौकशी करेल, गावच्या अंगणवाडीताईला आणि आशाताईला विचारेल. त्या दोघींना आधी भेटून सगळं सांग, लपवू नकोस. पोरांचं नाव गावभर होणार नाही एवढं बघ. 'बहिणीची पोरं काही दिवस राहायला आलीत' एवढं पुरे.

बापाचं घर तुझ्या घरापासून किती लांब, तो येऊ शकेल काय, आला तर तू काय करणार, हे नक्की विचारतील. ११२ ला फोन करीन असं सांग, आणि तुमच्या ठाण्याचा नंबर मोबाईलमध्ये घालून ठेव, दाखवता येईल.

रविवारी भेटायला जाशील तेव्हा खाऊ दोघांसाठी सारखा ने. मुलाला त्याची मराठीची वही ने, शाळेतून मी मागवून घेतलीय, हेडमास्तर देतायत. बहिणीचा प्लास्टर निघाला की तिला पहिल्याच तारखेला आण. आई स्वतः उभी राहिली की बाकीचं बोलणं कमी होतं. तोवर तिच्या कौटुंबिक हिंसाचाराच्या अर्जाचं मी सीडीपीओ ऑफिसात सोमवारी विचारून येते. आधारची झेरॉक्स मला व्हॉट्सॲपवर पाठव, इथं टाकू नकोस.